पट्टा आणि बाराबंदी

सदर इसम नामे तिप्पण्णा सिद्धलिंगप्पा करजगी, राहणार भवानी पेठ, सोलापूर. हुद्दा पट्टेवाला. बांधा मध्यम, वर्ण सावळा, दात स्वतःचे, वर्तणूक समाधानकारक. शरीरावर ओळखीची खूण : नाही. इसमाचे म्हणणे की डाव्या बरगडीवर आहे, परंतु ती दिसत नाही. न दिसणारी खूण नोंदविण्याची तरतूद नसल्याने ‘नाही’ असे लिहिले आहे.

ही खूण दोन वर्षांपूर्वी चांगली दिसत होती. पाठीच्या कण्यापासून निघून डाव्या बगलेखालून छातीपर्यंत लाल फोडांची ओळ उठली, तेव्हा सगळ्या आळीने ती पाहिली. नागीण! तिचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं की माणूस संपला, हे भवानी पेठेत शाळेत न गेलेल्यांनाही ठाऊक असतं. तिप्पण्णाची बायको रत्नम्मा दोन्ही टोकांना काव फासून पहारा करी. शेजारणी दारातूनच विचारत, “तोंड कुटवर आलं गं?” नागीण भिडली नाही. ती सहसा भिडतच नाही. पण श्रेय कावेला गेलं. खपल्या पडल्या, कातडी साफ झाली, आणि दुखणं तेवढं राहिलं.

त्यातही ते विचित्र होतं. तळहात गच्च दाबून धरला तर सोसे. सदऱ्याचं टोक नुसतं घासलं की निखारा ओढल्यासारखं होई. घरी तो उघडाच बसे. कचेरीत सैल सदरा चालून जाई, पण पट्टा? उजव्या खांद्यावरून निघालेला लाल पट्टा पितळी बिल्ल्यासकट नेमका त्याच बरगडीवर घासायचा. म्हणून तिप्पण्णा तो स्टुलावर ठेवी आणि त्याच्या शेजारी उभा राही. कुणाची तक्रार नव्हती. पट्टाही हजर होता, माणूसही हजर होता.

मग आणीबाणी आली आणि तिच्या पाठोपाठ शिरवळकर साहेब आले. देशाची शिस्त पट्ट्यापासून सुरू होते असं साहेबांचं मत होतं. दुसरीकडून सुरू करण्याचे अधिकार त्यांना नव्हते.

“सायेब, दोन वर्सं ऱ्हायली पेन्शनला,” तिप्पण्णा म्हणाला. “तेवडं बिनपट्ट्याचं निभवून घ्या की.”

“कुठे दुखतं, दाखव.”

तिप्पण्णाने सदरा वर केला. साहेबांनी चष्मा लावून बरगडी वाचली. कोरी होती.

“इथे तर काहीच नाही.”

“व्हय जी. तितंच दुखतंय.”

साहेबांनी मुदत दिली : संक्रांतीची यात्रा उरकेपर्यंत. त्यानंतर एकतर अंगावर पट्टा, नाहीतर नोकरीला रामराम.

गड्ड्याच्या या यात्रेत करजगींच्या घराला नंदीध्वज पेलण्याचा मान होता. एवढी उंच काठी, वर सजावट, हात हलला तर गर्दीत आडवी. रत्नम्माने आदल्या दिवशीच बजावलं होतं, “अवो, औंदा भावाला धरू द्या काठी. बाराबंदीचे बंद आवळले की बोंब माराल रस्त्यात.”

“मारीन की. गर्दीत कोन ऐकतंय?”

पांढरीशुभ्र बाराबंदी अंगावर चढली, बंद आवळले गेले, आणि तिप्पण्णाने दात आवळले. मग काठी हातात आली. “हर्र बोला हर्र!” असा गजर झाला आणि त्याची नजर काठीच्या शेंड्यावर जी खिळली, ती आपली पाळी संपेपर्यंत हलली नाही. भावाच्या हाती काठी दिली तेव्हा त्याला आठवलं की आपल्याला बरगडी आहे. दुखलं नव्हतं. मिनिटभर तो तिथेच उभा राहिला, खिसा चाचपून पैसे अजून आहेत असं आढळलेल्या माणसासारखा. पुढच्या मिनिटाला बरगडी भडकली.

पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. कारण गर्दीत सहकुटुंब शिरवळकर साहेब पाहत उभे होते.

“बाराबंदी घासत नाही, आणि सरकारचा पट्टा घासतो?” साहेबांनी कचेरी भरताच विचारलं.

“तवा दुखलं न्हाय, सायेब. माजं मलाच नवल वाटलं.”

“देव दुखवत नाही, सरकार दुखवतं. असंच ना?”

आणीबाणीत याला ‘व्हय’ म्हणणं बरं नव्हतं.

प्रकरण पक्कं करायला साहेबांनी डॉक्टर दुर्गा हुंडेकरी यांना बोलावलं. पुण्याहून नव्याने शिकून आलेल्या या बाईंनी, इसम खोटं बोलतोय असं लिहून द्यावं, एवढीच साहेबांची अपेक्षा होती. बाईंनी उलट समजावून सांगितलं. नागिणीने शीर आतून जखमी केली आहे. ती उगाचच ओरडते, आणि मेंदूला ते ओरडणं पाठ झालं आहे. मात्र वरून खाली निरोप पाठवून ते ओरडणं दाबायची वाटही मेंदूतच असते. काठी पडली तर माणसं मरतील, अशा वेळी ती वाट उघडते.

“म्हणजे मेंदूने मनावर घेतलं, तर दुखणं थांबतं?” साहेब पुढे सरकले.

“थांबू शकतं. पण मेंदू कुणाच्या सांगण्यावरून ते करत नाही. त्याच्याही नाही, तुमच्याही नाही.”

पहिली दोन अक्षरं साहेबांनी ऐकली. ‘थांबू’ कळलं, तेवढं पुरलं. आपल्या सांगण्यावरून न होणारी गोष्ट या कचेरीत असू शकते, हे त्यांच्या कानात शिरण्यासारखं नव्हतं.

“बाई, मी खरं बोलतोय न्हवं?” जाता जाता तिप्पण्णाने विचारलं.

“खरंच बोलताय हो.”

दोन वर्षांत हे कुणी पहिल्यांदाच म्हणालं होतं. त्याचा उपयोग काहीच झाला नाही, पण घरी जाऊन त्याने रत्नम्माला ते दोनदा सांगितलं.

शनिवारी हुकूम निघाला. सदर इसमाच्या मेंदूत वेदना थांबविण्याची सोय असल्याचे वैद्यकीय मताने निष्पन्न झाले आहे. ती सोय इसम खाजगी धार्मिक कार्यासाठी वापरतो व शासकीय वेळेत वापरत नाही. सबब त्यास सक्त ताकीद देण्यात येते की, त्याने यात्रेतील श्रद्धेइतकीच श्रद्धा कर्तव्यावर ठेवून, सोमवारपासून पट्टा वेदनारहित अवस्थेत परिधान करावा.

सोमवारी तिप्पण्णाने पट्टा घातला. दुखलं. दुपारी तो काढून स्टुलावर ठेवला आणि घरी गेला, तो पुन्हा कामावर आला नाही.