फुलांच्या मनोऱ्यामागचे हात

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी प्यो मी-रान 'उदयोन्मुख' झाली. सेऊलमधल्या इन्साडोंगच्या त्या दालनात एका भिंतीवर नामवंत, समोरच्या भिंतीवर उदयोन्मुख, अशी वाटणी होती. उदयोन्मुखांत बाकी सगळी पोरंसोरं आणि त्यांच्यात ही पिकल्या केसांची. किळस यावी असाच प्रकार, पण तिने तीही गिळली. स्वतःच्या नावाने पहिलंच चित्र लागत होतं आणि ते बघायला ताई येणार होती.

या ताईने, ओक-बुनने, मासळीबाजारात माकुल सोलून हिला चित्रकला शिकवली होती. शिकून ही नामवंत चित्रकार गिल सरांच्या स्टुडिओत गेली ती तिथलीच झाली. आधी कुंचले धुतले, मग आकाशं रंगवली आणि सरांचा हात थरथरायला लागल्यापासून अख्खी चित्रंच. खाली सहीचा लाल शिक्का तेवढा सर मारायचे. तोही हिने दोन्ही हातांनी, वाकून पुढे करायचा. तिचं स्वतःचं असं चित्र हे एकच: मासळी साफ करणारे ताईचे हात.

ती पोचली तर तिच्या चित्रापुढे माणसापेक्षा उंच, तीनमजली फुलांचा मनोरा उभा. रिबिनीवर कुठल्याशा कंपनीच्या अध्यक्षांचं नाव आणि गिल सरांचं अभिनंदन. निम्मी फुलं प्लास्टिकची, उरलेल्यांना कालच्या कुणाच्या तरी लग्नाचा शिळा वास. सरांच्या भिंतीपाशी असल्या मनोऱ्यांची दाटी झाली म्हणून हा इकडे आणून टेकवलेला.

"बाई, हा जरा सरकवू का?" तिने दालनाच्या व्यवस्थापिकेला विचारलं.

"वेड लागलंय का? अध्यक्ष स्वतः येणारेत. त्यांचं नाव कोपऱ्यात दिसलं, तर उद्या हे दालन कोण चालवणार, तुम्ही?"

पलीकडे सर भाताच्या दारूचा पेला घेऊन रंगात आले होते. "ही आमची मी-रान! पोरीने माझा हात अगदी हुबेहूब उचललाय हो!" माणसं हसली. मी-राननेही थोरांपुढे प्यायच्या रीतीप्रमाणे तोंड वळवून एक घोट घेतला.

तेवढ्यात ओक-बुन आली. साबणाने घासघासून आली होती, तरी अंगाला मासळीचा वास होताच. ती थेट सरांच्या समुद्राच्या चित्रापुढे जाऊन उभी राहिली.

"ही लाट तुझी."

"हळू बोल, ताई."

"हळू कशाला? लहानपणी गोदामाच्या भिंती अशाच बरबटवायचीस. मार मी खाल्लाय तुझ्यापायी. बरं, माझे हात कुठायत?"

मी-रानने मनोऱ्याकडे बोट दाखवलं. ओक-बुनने बाह्या सारल्या, मनोऱ्याला कव घातली आणि तो उचलून बाजूला केला. "रोज मासळीच्या पेट्या उचलते मी. ही काय, फुलं!"

चित्र उघडं पडलं: लाल, भेगाळलेले हात, नखांत खवले. ओक-बुनने चित्राकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "अगं बाई," ती म्हणाली, "अंगठ्यावरचा व्रणसुद्धा सोडला नाहीस."

सरांनी पेला खाली ठेवला. "मी-रान, तो जागच्या जागी ठेव बरं."

आवाज चढवलासुद्धा नाही त्यांनी. मी-रानची कंबर आपसूक वाकली. "माफ करा सर. बाजारातली बाई आहे, तिला काय कळतंय."

मग तिने तो मनोरा उचलला, चित्रापुढे ठेवला आणि रिबीन सरळ केली. इतक्या वर्षांत सरांची आली नव्हती एवढी किळस तिला त्या क्षणी स्वतःच्या हातांची आली.

वळून पाहते तर ओक-बुन कोटाची बटणं लावत होती.

"निघते. गाळ्यावर बर्फ वितळत असेल."

"ताई, थांब ना."

ओक-बुन थांबली नाही.

अध्यक्ष आलेच नाहीत. त्यांच्या कचेरीतला एक सुटातला माणूस आला. मनोरा पोचल्याच्या पुराव्याचा फोटो काढायला त्याने मोबाइल वर धरला.

"मावशी, फोटोत येताय. जरा बाजूला होता का?"

मी-रान बाजूला झाली.