आडव्या बोटीचा घोळ

चहा की कॉफी एवढं विचारलं, तरी आमचे नकाशेवाले आधी खिडकीबाहेर बघतात. अशा माणसाच्या हाती नौदलाच्या मुख्यालयातलं ते भलंमोठं टेबल दिलंय, आता बोला! टेबलावर निळा समुद्र, त्यावर लाकडी बोटी. खरी युद्धनौका समुद्रावर असेल तर तिची बोट उभी, गोदीत दुरुस्तीला असेल तर आडवी. पण पाहुणे यायचे म्हटलं की साहेबांचा हुकूम सुटतो, "सगळ्या उभ्या करा हो, मेल्यासारख्या काय पडल्यात!" पाहुणे गेले की परत आडव्या.

गेल्या खेपेला मंत्रीबाई येऊन गेल्या आणि आमचे शहाणे एक बोट आडवी करायलाच विसरले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी टेबल पाहिलं, एक नौका मोकळी दिसली आणि दूरच्या मित्रदेशाला शब्द देऊन टाकला, तुमच्या बेटांची राखण आम्ही करू. झालं! गोदीला निरोप गेला, इंजिनाचं काम आवरतं घ्या.

आणि त्या इंजिनापाशी कोण? नकाशेवाल्यांचाच जावई. इकडे लेकीचे दिवस भरत आलेले.

रात्री नकाशेवाले जेवायला बसले.

"बोललो तर म्हणतील, जावयासाठी बोलला," ते बायकोला म्हणाले.

"जावई नसता, तर बोलला असतात?"

"हो. म्हणजे... बहुतेक."

"मग तो आहे म्हणून मुकाट बसणार? धन्य आहे! बाकीच्या पोरांना काय सासरे नाहीत?"

 बिचाऱ्यांनी भाजीत मीठ समजून साखर घातली आणि तशीच खाल्ली.

सकाळच्या बैठकीत साहेब बोलायला लागले, तेवढ्यात नकाशेवाल्यांनी हात लांबवला आणि ती बोट सगळ्यांदेखत आडवी केली.

"अहो, पाडलीत ना!"

"पाडली नाही साहेब. ती आडवीच होती. उभी राहिली ती माझ्या चुकीनं. इंजिन अर्धं उघडलंय तिचं. आणि तिच्यावर माझा जावई आहे, तेही सांगून टाकतो."

साहेब टेबलावर वाकले.

"मग बेटांकडे काय पाठवू? माझं डोकं?"

नकाशेवाले खिडकीबाहेर बघायला लागले. "ते नाही कळत, साहेब. आपल्या बंदराची राखण करणारी काढली तर आपलंच दार उघडं. खाडीत पहाऱ्याला आहे ती काढली तर तिथल्या लोकांना दिलेला शब्द मोडतो."

साहेबांनी बंदरातली बोट उचलली, परत ठेवली. खाडीतली उचलली, हवेत धरली. शेवटी "बेटांना थांबायला सांगतो," म्हणत ते फोनकडे गेले. खाडीतली बोट हातातच!

जावयाची बोट राहिली गोदीत आडवी, इंजिन नीट होईपर्यंत. त्या बाबतीत तरी जीव भांड्यात पडला. पण टेबलावर खाडी रिकामी दिसत होती, खऱ्या खाडीत नौका होती आणि साहेब काही परत येईनात. आता साहेबांच्या हातातली ती बोट उभी धरायची की आडवी? नकाशेवाले कपाळ खाजवत तसेच उभे.