कुलूपवाल्या काकांची समुद्राकाठची बंगली

कुलूपवाल्या काकांचा जगावर विश्वास नव्हता, आणि जगाचीही त्याबद्दल काही तक्रार नव्हती. उलट त्या अविश्वासावरच त्यांचं दुकान उभं होतं. जिन्याखालची अरुंद जागा, भिंतीवर किल्ल्यांचे घोस, घासलेल्या पितळेचा वास आणि मधोमध स्टुलावर काका. किल्ली हरवलेलं कुलूप घेऊन कोणी आलं, की ते आधी माणसाकडे बघत, मग कुलपाकडे, मग पुन्हा माणसाकडे. "कुलूप तुमचंच ना?" असं विचारल्याशिवाय त्यांनी कधी कुणाचं कुलूप उघडलं नाही. एकदा तर हा प्रश्न त्यांनी प्रत्यक्ष सासऱ्यांना विचारला होता. सासरे नंतर बरेच दिवस फिरकले नाहीत.

पण हातात कसब होतं. वाकवलेली तार आत सरकवायची, डोळे मिटायचे, कान लावायचा आणि कुलपानं आपणहून तोंड उघडायची वाट बघायची. करवतीनं कुलूप कापणाऱ्यांचा त्यांना तिटकारा होता. "कापतो तो कसाई, उघडतो तो कारागीर," असं ते म्हणत, आणि गिऱ्हाईक ऐकत नसेल तर दोनदा म्हणत.

घरीही तोच कारभार. कोठीच्या खोलीला कुलूप, ट्रंकेला कुलूप, सायकलला पुढे एक आणि मागे एक. देवाच्या कपाटालासुद्धा बोटाएवढं कुलूप होतं.

"अहो, देव काय पळून जाणार आहे?" काकू विचारत.

"देव नाही जात. देवापुढचा चांदीचा दिवा जातो."

काकू सकाळी हात जोडण्याआधी किल्ली शोधत, आणि किल्ली सापडली की तेवढ्यासाठीही देवाचे आभार मानत. त्यांच्या भक्तीला असा किल्लीचाही हातभार लागे.

पुढे काकांची नजर अधू झाली आणि दुकान विकावं लागलं. तेव्हा काकूंचा धाकटा भाऊ घरी आला. जागांची खरेदी-विक्री हा त्याचा धंदा, आणि तोंडाला कडी कधी लागलीच नाही असा माणूस.

"भावोजी, दुकानाचे पैसे बँकेत झोपवून काय करणार? समुद्राजवळ एक बंगली आलीय विकायला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ऐसपैस ओटा. सुट्टीला लोक येतात, राहतात, भाडं देतात आणि जातात. तुम्ही घरी बसून पाय हलवायचे."

"येणार कोण?"

"पाहुणे."

"कुणाचे?"

"कुणाचे नाहीत हो. भाडं देणारे पाहुणे."

"म्हणजे अनोळखी माणसाकडून पैसे घ्यायचे आणि त्याच्या हातात घराची किल्ली ठेवायची? मी जन्मभर याच्या बरोबर उलटा धंदा केलाय."

बोलणं तिथेच संपलं असतं. पण काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. लग्नानंतर त्यांनी एकदाच समुद्र पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून, आणि पुरता दिसायच्या आत काका म्हणाले होते, "काच लाव, कुणीतरी हात घालून पिशवी ओढेल." एवढ्या वर्षांत त्यांनी काही मागितलं नव्हतं. आता मागितलं.

"पाहुणे नसतील तेव्हा आपण जाऊन राहू. दार सताड उघडं टाकायचं, समुद्राकडे तोंड करायचं आणि देवाचं नाव घेत बसायचं. मला आणखी काही नको."

बायकोनं जन्मात एकदा मागावं आणि आपण नाही म्हणावं, एवढं कुलूपबंद काकांचं मन नव्हतं. बंगली घेतली. मात्र ठरलं असं, की एक वर्ष बघायचं. भाड्याचा जम बसला तर ठेवायची, नाही तर विकायची. विकायची तर गिऱ्हाईक मेहुण्याच्या खिशात तयारच होतं. एका बर्फवाल्याला तिथे गोदाम हवं होतं.

काकूंना ताबडतोब निघायचं होतं. काका म्हणाले, "आधी बंदोबस्त, मग दर्शन." आणि दुकानातली उरलेली सगळी कुलपं पोत्यात भरून ते एकटेच गेले.

त्यांनी केलेला बंदोबस्त बघून एखाद्या तिजोरीला लाज वाटली असती. फाटकाला कुलूप, दाराला कुलूप, दोन्ही खोल्यांना, भांड्यांच्या कपाटाला, पांघरुणांच्या पेटीला, फ्रिजला, आणि अंगणातल्या नळालाही एक. प्रत्येक किल्लीला पितळी बिल्ला आणि बिल्ल्यावर आकडा. तो जुडगा हातात धरून चाललं, की गुरं परतल्यासारखा आवाज येई.

पहिले पाहुणे म्हणजे नुकतं लग्न झालेलं जोडपं. दोन दिवसांत परतलं. किल्ल्या परत करताना तो मुलगा काकांना नम्रपणे म्हणाला, "घर छान आहे, काका. आम्हाला तिथे कैद्यासारखं मुळीच वाटलं नाही. जेलरसारखं वाटलं."

काकांना तो सत्कार वाटला. घरी येऊन त्यांनी तो काकूंना सांगितला. काकूंनी कपाळाला हात लावला.

त्या जोडप्यानं बाहेर काय सांगितलं देव जाणे, पण नंतर कोणी फिरकलं नाही. पावसाचे महिने बंगली बंदच राहिली. मेहुणा फोनवर फोन करू लागला. "ताई, बर्फवाला थांबायला तयार नाही. आता तीन बहिणींनी एक आठवडा घेतलाय. थोरली मोठ्या इस्पितळात हेडनर्स होती, ओळखी दांडग्या आहेत. ती खूश झाली तर वर्षभर माणसं पाठवेल. बिनसलं तर मात्र मी कागद करायला घेतो, मग रडायचं नाही."

काकूंनी त्या दिवशी देवापुढे दिवा लावला आणि त्या तीन अनोळखी बहिणींसाठी प्रार्थना केली. काय मागावं ते नीट सुचेना, म्हणून एवढंच म्हणाल्या, "त्यांना किल्ल्या लागू देत."

देवानं ऐकलं असेल, पण कुलपांनी ऐकलं नाही. तिसऱ्याच दिवशी फोन आला. आवाज असा, की ऐकणाऱ्यानं नकळत जीभ बाहेर काढून दाखवावी.

"भांड्यांच्या कपाटाची किल्ली फिरत नाही."

"डावीकडे अर्धी फिरवा, जरा दाबा, मग उजवीकडे," काका म्हणाले.

"फिरवली. दाबली. आत मोडली."

"मोडली?"

"हो. आणि खोल्यांची दारं उघडत नाहीत. बाहेरचं दार लागत नाही. मालकांना सांगा, कोणीतरी पाठवा." आणि फोन बंद.

दुकान शहरात, कुलपं शहरातली, आयुष्यही शहरात गेलेलं. समुद्राचा खारा वारा लोखंडाचं काय करतो, हे कुलपांचे डॉक्टर म्हणवणाऱ्या काकांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी मुकाट्यानं हत्यारांची पिशवी घेतली. काकू आधीच लुगड्याचा पदर खोचून दारात उभ्या होत्या.

"तू कुठे?"

"घर विकायच्या आत एकदा बघून घेते."

या वेळी बसची काच उघडी राहिली.

बंगलीचं दार दुरूनच दिसलं, आणि काकांनी भरभर पावलं उचलली. दार सताड उघडं होतं. ओट्यावर गाद्या पसरलेल्या, आणि त्यांवर तीन पांढऱ्या केसांच्या बायका पत्ते खेळत बसल्या होत्या. कप कपाटात अडकलेले, म्हणून एक जण तांदूळ मोजायच्या मापातून चहा पीत होती, दुसरी साबणाच्या डबीच्या झाकणातून. उकडलेले बटाटे पातेल्याच्या झाकणावर मांडले होते.

"रात्रीही दार उघडंच?" काकांच्या तोंडून निघालं.

"लागतंच कुठे?" थोरली म्हणाली.

"आणि चोरी?"

"काय चोरणार? सगळं तर मालकानं कुलपात घातलंय." मग तिनं हत्यारांच्या पिशवीकडे पाहिलं. "मालकानं पाठवलं का तुम्हाला?"

मालक मीच, असं म्हणायला काकांनी तोंड उघडलं. पण साबणाच्या डबीच्या झाकणाकडे नजर गेली. "हो," ते म्हणाले. "दुरुस्तीला आलोय."

"आणि या?"

"मी यांच्या घरची," काकू म्हणाल्या. "समुद्र बघायला आले." आणि ओट्याच्या कडेला समुद्राकडे तोंड करून बसल्या. ओठ नाव घेत हलत होते.

काका कामाला लागले. तेल सोडलं, तार घातली, डोळे मिटले, कान लावला. पहिलं कुलूप कुरकुरत उघडलं. दुसऱ्याला फार वेळ लागला. बाहेर बायकांची चर्चा रंगली होती, आणि खिडकी उघडी असल्यामुळे काकांना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"नळाला कुलूप म्हणजे कमाल झाली," मधली म्हणत होती. "तहानेनं मेलेला चोरसुद्धा हसेल."

"तुमची ओळख आहे का हो मालकाशी? आहे तरी कसा माणूस?" धाकटीनं काकूंना विचारलं.

खिडकीतून तारेचा आवाज यायचा थांबला.

"मालकांना मी फारशी नाही ओळखत," काकू म्हणाल्या. "त्यांच्या बायकोला मात्र चांगली ओळखते."

"काय म्हणते ती?"

"ती कधी काही म्हणालीच नाही, हाच तर घोळ." काकूंनी पदर सावरला. जन्मभराचं साठलेलं, आणि आज ते दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर खपवायची सोय झालेली. "साखर काढायची तर किल्ली, पाहुण्यांना चादर द्यायची तर किल्ली. देवाला हात जोडायचे तरी आधी किल्ली. एकदा मालक जुडगा खिशात घालून लग्नाला गेले, तर बिचारीनं दोन दिवस बिनसाखरेचा चहा प्यायला. आणि एवढं करून चोर कधी आलाच नाही. त्यालाही कंटाळा आला असेल."

तिघी खदखदून हसल्या. आत काकांनी तार इतक्या जोरात फिरवली, की ती वाकली.

"पण माणूस वाईट नाही हं," काकू जरा थांबून म्हणाल्या. "त्याला वाटतं, जे आपलं आहे ते जाईल. बायकोनं जन्मात एकदा मागितलं, तेव्हा म्हातारपणाची पुंजी मोडून हे घर घेतलं त्यानं. आणि मग भीतीपोटी तेही कुलपात घातलं. आता विकावं लागणार म्हणतात. गोदाम होणार इथे, बर्फाचं."

मधलीनं उकडलेले बटाटे काकूंपुढे सरकवले.

भांड्यांच्या कपाटाचं कुलूप काही बधेना. ते काकांच्या हातचं, दुकानातलं सगळ्यात उत्तम कुलूप होतं. आत मोडकी किल्ली आणि गंज, दोघांनी एकमेकांना घट्ट मिठी मारलेली. काकांनी तेल घातलं, फुंकर मारली, मनातल्या मनात विनवलं, मग शिव्या दिल्या. शेवटी पिशवीच्या तळातून करवत काढली. ज्या करवतीला त्यांनी उभ्या आयुष्यात कुलपाच्या जवळ येऊ दिलं नव्हतं, ती चालवताना त्यांचं तोंड कडू झालं होतं. कुलूप तुटून खाली पडलं. आत सहा कप, सहा बशा, पांढऱ्या शुभ्र. या कुलपाच्या कटकटीपायी कोणी कधी त्यांतून घोटभर चहा प्यायलेलाच नव्हता.

काकांनी ते कप बाहेर ओट्यावर नेऊन ठेवले. मग त्यांनी पेचकस उचलला आणि पेटीचा कोयंडा उखडायला घेतला. मग फ्रिजचा, खोल्यांचा, फाटकाचा. कोयंडे ओट्याखाली पोत्यात खणाखण पडू लागले, तशा पत्ते खेळणाऱ्या थांबल्या.

"अहो, नळाचं राहिलं," काकू बसल्या जागेवरून म्हणाल्या.

थोरल्या बहिणीनं पत्ते खाली ठेवले. "इतक्या वर्षांत मी बायका रोग्यांच्या उशाशी बसलेल्या पाहिल्यात," ती म्हणाली. "असं 'अहो' कोणी उगीच म्हणत नाही, आणि दुसऱ्याच्या घराचे कोयंडे कोणी असे उखडत नाही. मालक, नळ राहू दे. आधी चहा घ्या. आता कप आहेत."

काका हातात पेचकस घेऊन लहान पोरासारखे उभे राहिले. मालक बघून झाला होता आणि त्याच्याबद्दल बोलूनही झालं होतं. आता लपवायला उरलंच काय? ते बसले. चहा आला. साखर जास्त होती, आणि ती कोणी घातली हे विचारायची गरज नव्हती.

"पुढच्या वर्षी याच आठवड्यात येऊ," थोरली म्हणाली. "आणि मधे माझ्या इस्पितळातल्या पोरींना पाठवते. रात्रपाळी करून करून त्यांना वारा म्हणजे काय ते आठवत नाही. पण हे दार असंच राहिलं पाहिजे."

"कडी तरी लावू दे," काका म्हणाले.

"आतून," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. "भावोजी, बर्फवाला समोर बसलाय. उद्या किल्ल्या पाठवा, म्हणजे जागा दाखवतो."

"किल्ल्या नाहीत."

"हरवल्या? तुमच्याकडून?"

"कुलपंच नाहीत. ज्या घराला कुलूप नाही, त्याचा ताबा मी देणार कसा? त्याला म्हणावं, बर्फ दुसरीकडे ठेव." आणि फोन ठेवून त्यांनी काकूंकडे बघितलं नाही, कारण काकू डोळे पुसत होत्या आणि ते आपण बघितलेलं त्यांना आवडलं नसतं.

बहिणी आठवडा पुरा करून गेल्या, आणि त्या दिवशी काका-काकू बंगलीत पहिल्यांदा आपले म्हणून राहिले. दार उघडंच ठेवायचं ठरलं होतं. काकांनी शब्द पाळला. फक्त हत्यारांची पिशवी उशाला घेतली आणि पाकीट मोज्यात घातलं.

पहाटे जाग आल्याबरोबर ते ओट्यावर आले. काकू आधीच समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या, डोळे मिटलेले. काकांनी पिशवी चाचपली. होती. पाकीट होतं. कप मोजले. होते. मग पायरीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही तृप्ती पसरली, की जणू जन्मभराचा खटला निकाली निघाला.

"बघ," ते म्हणाले. "सांगत होतो ना? चप्पल गेली."

काकूंनी नाव पुरं केलं, मग डोळे उघडले. वाळूत दूरवर एक कुत्रं काहीतरी मनापासून चावत बसलं होतं.

"एकच गेली ना?"

"हो, डाव्या पायाची."

"मग चोर नव्हे. चोर असता तर जोडी नेली असती," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

काकांनी आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग चपलेकडे, मग पुन्हा कुत्र्याकडे. मग उरलेली चप्पल उचलून त्यांनी ती कुत्र्याच्या दिशेनं भिरकावली आणि अनवाणीच पायरीवर बसले.