मळीच्या पाण्याकाठी

साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की आईच्या रक्षाविसर्जनाची सकाळ आठवते. निपाणीजवळच्या आमच्या गावी नदीच्या वरच्या अंगाला कुणीतरी मळी तशीच, प्रक्रिया न करता नदीत सोडली होती. पाणी काळं पडलं होतं, काठाला मेलेल्या माशांचा खच होता. आम्ही नैवेद्य ठेवला, पण सगळे कावळे माशांवर तुटून पडलेले. एकही इकडं फिरकेना. आईचा जीव कशात तरी अडकलाय असं वाटून थोरल्या भावानं हात जोडले, "आई, धाकटीचं लगीन करतो गं." कावळा आला नाही. मामा वैतागले, "आता नदी साफ करतो म्हण की रं!" भावानं जोडलेले हात खाली घेतले. शेवटी नैवेद्य गाईला घातला. नदी साफ करण्याचा तो शब्द आईला द्यावा असं आजही फार वाटतं, पण कुणाच्या भरवशावर द्यावा, ते कळत नाही.