ठिणगीताईंना हवा असलेला आणि साहेबांना हवा असलेला आकडा

प्रयोगशाळेत तिला सगळे ठिणगीताई म्हणत. आरशांसाठी लेप दिलेल्या काचेवर लेसरचा झोत सोडायचा, ठिणगी उडते का बघायचं, मग सूक्ष्मदर्शकातून डाग शोधायचा, हे तिचं काम. काच किती जोराचा झोत सोसते ते तिने सांगायचं. पण काच सरळ उत्तर देईल तर शपथ! एका जागी हलक्या झोतानेच जळायची, शेजारी दुप्पट जोराचा मुकाट गिळायची. लेपात कुठेतरी न दिसणारा कण अडकलेला असतो. झोत नेमका त्याच्यावर पडला की संपलं. म्हणून ती शक्यता मांडायची: इतक्या जोराला शंभरातल्या साधारण इतक्या जागा जळतील.

साहेब वैतागायचे. "एक आकडा द्या. गिऱ्हाईकाला शक्यता नको असते."

"साहेब, त्यांचा आरसा केवढा, मी तपासला तो तुकडा नखाएवढा! त्यातल्या जागा वाचल्या म्हणून सगळा आरसा वाचेल? आणखी तुकडे मागवा."

"तुम्ही काच जाळून परत देता. कोण देईल आणखी?"

साहेबांनी आकडा ठोकून दिला. पुढे गिऱ्हाईकाचा आरसा जळाला. बैठकीत साहेब म्हणाले, "तपासणी ताईंची होती." ती तोंड उघडेपर्यंत ते पुढच्या विषयावर गेलेही.

घरी तिने भांडी आपटली.

"वहिनी, त्या पातेल्याने काय घोडं मारलंय तुमचं?" नणंदेने विचारलं. सगळं ऐकून म्हणाली, "मग कमीच सांगायचं ना!"

"कमी सांगितलं तर चांगली काच भंगारात जाते. आणि तरीही छातीठोकपणे सांगता येत नाहीच."

"तुमचं आपलं काहीतरीच," म्हणत नणंद उठून गेली.

मग गिऱ्हाईकाने झक मारत मोठी काच पाठवली. ताई हरखली. कोपरान् कोपरा झोताखाली घातला. हलक्या झोताला जळालेल्या जागा मोजक्याच, पण होत्या. तिने आलेख काढला, अंदाज कुठून कुठपर्यंत चुकू शकतो त्याच्या दोन रेघाही आखल्या.

साहेबांनी दोन्ही रेघा खोडल्या आणि मधला आकडा ठेवला. "सही करा."

"नाही करणार."

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच नाही म्हणाली होती. आता खडाजंगी होणार म्हणून ती पदर खोचून उभी राहिली. साहेबांनी शांतपणे स्वतःच सही केली, अहवाल पाठवला आणि चहा मागवला. तिच्यासाठीसुद्धा.

साधं भांडणही झालं नाही, याचाच तिला जास्त संताप आला.