व्याह्यांचं आडनाव आणि आमचं

मुलगी स्कॉटलंडला नर्स आहे. तिथल्याच एका मुलाशी तिचं लग्न ठरलं, त्याला आमची ना नव्हती. पण रविवारी दुपारी मुलाचे वडील व्हिडिओ कॉलवर बोलणार म्हटल्यावर मी तिला विचारलं, काय बोलणार ते?

"त्यांना आडनावांचा भारी नाद आहे, आई," ती म्हणाली. "आधी त्यांच्या आडनावाचा इतिहास सांगतील, मग आपला विचारतील."

आमचं आडनाव सौसरकडच्या एका खेड्यावरून आलंय. सासऱ्यांनी बौद्ध धम्म घेतल्यावर ते लावलं. आधीचं गावानं दिलेलं होतं, जात ओळखू यावी म्हणून. घरात ते कोणी उच्चारत नाही. पांढुर्ण्यात भाड्याचं घर शोधताना लोक पूर्ण नाव विचारत. त्यावरून जात कळली नाही, की गाव विचारत, मग मोहल्ला. तेव्हापासून नाव सांगताना मी आधी समोरच्याचा चेहरा बघते.

"काय सांगायचं त्याइले?" मी ह्यांना रोज विचारायची.

"गावाचं नाव हाय म्हणायचं. बस."

"अन् पुढं पुसलं तर?"

हे पेपर उचलून बाहेर जायचे. रविवारी मला जेवणच गेलं नाही.

व्याही बोलके निघाले. मुलगी मराठीत सांगत होती. त्यांच्या आडनावातल्या 'मॅक'चा अर्थ मुलगा. फार पूर्वी राजानं त्यांच्या अख्ख्या कुळाच्या नावावर बंदी घातली. ते लावणाऱ्याला जिवे मारत. लोकांनी दुसऱ्यांची आडनावं लावून जीव वाचवला, कित्येक पिढ्या. बंदी उठल्यावर त्यांच्या घराण्यानं आपलं नाव परत घेतलं. सांगताना त्यांचा आवाज जड झाला. मग त्यांनी विचारलंच, "आणि तुमचं?"

मी "गावाचं" म्हणणार, तोच हे बोलले. "सांग त्याइले, तुमचं हिसकलं होतं, म्हणून तुम्ही परत घेतलं. आमचं आमच्यावर लादलं होतं. माह्या बापानं ते टाकून देलं."

मुलीनं ते इंग्रजीत सांगितलं. व्याह्यांनी चष्मा काढला, काहीतरी विचारलं. ती सांगेचना.

"काय म्हणून राहिले ते?" मी विचारलं.

"जुनं आडनाव काय होतं, विचारतायत."

"ते नाही सांगत म्हण," हे म्हणाले.

मुलीनं तेही सांगितलं. लग्न मोडलं, असंच मला वाटलं. मग व्याही हळू आवाजात बोलले.

"माफ करा म्हणतायत, बाबा. विचारायला नको होतं. पण तुमच्या वडिलांबद्दल ऐकायचंय त्यांना."

हे खुर्ची पुढे ओढून सांगू लागले. लोधीखेड्याच्या बाजारात कोणी जुन्या आडनावानं हाक मारली, तर सासरे वळून बघत नसत. मजुरी बुडाली तरी. व्याही मान डोलवत ऐकत होते.

लग्न झालं. आता थंडीत ते सगळे इथे येणार आहेत. शेजारीण कालच विचारून गेली, "व्याही कोण लोक हायेत?" तिला जात विचारायची होती. मी दारातले वाळलेले कपडे काढत नुसती हसले. मुलगी फोनवर म्हणते, कशाला घाबरतेस? तिला काय सांगू? हे मात्र तिगावला गेलेत, मोठ्या भावाला मुक्कामी आणायला. व्याह्यांना सांगायला वडिलांच्या आठवणी भावाजवळ जास्त आहेत म्हणे.