हळदीचा सदरा लाल झाला तेव्हा

रविवारी आमच्या घोटावड्याच्या घरी सत्यनारायण होता. मुलाचं लग्न आदल्याच दिवशी झालेलं, घर पाहुण्यांनी भरलेलं... आणि सकाळी मोरीतून माझ्या नव्या सुनेची, कोमलची, हाक आली, "आई, लवकर या!"

बिचारीने कोणी न सांगता धुणं काढलं होतं. नवऱ्याचा हळदीचा पांढरा सदरा तिने माझ्या घरगुती साबणाच्या बादलीत बुडवला होता. रिठे उकळून त्यात धुण्याचा सोडा घालते मी, विकतची पावडर फुकट खर्च वाटते... तर हळदीचे डाग एका क्षणात लालभडक!

मिस्टरांच्या आत्या धावत आल्या. "आगं बया, रगात हाय का काय ह्ये! पयल्याच दिशी? आदी देवाला कौल लावा, मग हिला पूजेला बसवा." बायका मोरीच्या दारात जमल्या... कोमलचे डोळे भरून आले.

मला मात्र एकदम माहेरचा खलबत्ता आठवला, आई त्यात हळद कुटायची तो! धावत जाऊन लिंबू आणलं, डागावर पिळलं... लाल गेला, पिवळा आला. वर साबणाचं पाणी टाकलं, परत लाल! बायका खुदखुदायला लागल्या.

"मला नगं जादू दावू," आत्याबाई म्हणाल्या.

मग मी त्यांच्याच पानाच्या पिशवीतून चुन्याची डबी काढली. वाटीत हळद, चार थेंब पाणी, बोटभर चुना... कालवलं आणि वाटी त्यांच्यापुढे धरली. "आत्याबाई, हे काय?"

त्या बघतच राहिल्या. "कुक्कूच की गं... माजी आय आसंच करायची."

माझीही आई असंच करायची! हळदीला चुन्याचा, सोड्याचा खार लागला की ती लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी... सदऱ्यावर तेच तर झालं होतं.

आत्याबाईंनी वाटीत बोट बुडवलं आणि कोमलच्या कपाळाला टेकवलं. "चल, बस पाटावर. आन तुज्या सासूला सांग, माजा चुना भरून दी म्हनावं!"

सदरा लिंबू लावून धुतला, कडक उन्हात टाकला. संध्याकाळी डाग शोधावा लागला.

आरतीला सून शेजारी उभी होती, कपाळावर तेच कुंकू... देवा, हळदीतच कुंकू ठेवलंस, आणि मला ते वेळेवर आठवलं. आणखी काय मागू?